‘घालणे’, ‘पडणे’ आणि ‘लावणे’ : संमोहनाच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

प्रयोगकर्ता एकच, खोली एकच, उच्चारलेली वाक्ये तीच आणि स्वरही तोच. तरी समोर बसलेल्यांपैकी एखाद्याचा हात खरोखरच शिशासारखा जड होतो, एखाद्याला केवळ कंटाळा येतो, आणि उरलेल्या बहुतेकांना या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी काहीतरी जाणवते. संमोहनाच्या शास्त्रीय अभ्यासातील हा सर्वांत जुना आणि आजही पुरता न उलगडलेला प्रश्न आहे. मानसशास्त्रज्ञांनी त्याचा विचार आपल्या परीने केला आहे व तो त्यांचाच प्रांत आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. या प्रश्नाविषयी आपण मराठीत ज्या शब्दांनी बोलतो, ते शब्द प्रश्न नीट मांडू देतात की मांडण्यापूर्वीच त्याचे उत्तर गृहीत धरतात, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

प्रथम रूढ शब्दाकडे पाहू. ‘संमोहन’ हा शब्द ‘मुह्’ या धातूपासून आला आहे, आणि त्या धातूत गोंधळणे, भान सुटणे हा अर्थ मूळचाच आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून बुद्धिनाशापर्यंतची जी साखळी सांगितली आहे तीत ‘संमोह’ ही एक कडी आहे. मदनाच्या पाच बाणांत संमोहन आहे. तंत्रग्रंथांतील षट्कर्मांत वशीकरण आणि स्तंभन आहे. आणि महाभारताच्या विराटपर्वात, गोग्रहणाच्या प्रसंगी, अर्जुन कौरवसैन्यावर संमोहनास्त्र सोडतो. सारांश, हा शब्द शास्त्राच्या प्रांगणात आला तो हाती शस्त्र घेऊनच. शस्त्राला चालविणारा एक असतो आणि ज्यावर ते चालते तो दुसरा असतो.

विराटपर्वातील त्या प्रसंगाचा एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत बोलका आहे. सर्व वीर निश्चेष्ट होतात. अर्जुन उत्तराला त्यांची वस्त्रे काढून आणावयास सांगतो, आणि भीष्मांपासून मात्र दूर राहा, कारण या अस्त्राचा प्रतिकार ते जाणतात, अशी सूचना देतो. म्हणजे व्यक्तिभेदाची जाणीव परंपरेला नव्हती असे नाही. मात्र परंपरेने त्या भेदाचे कारण सामर्थ्यात शोधले: जो ज्ञानी व बलवान तो अबाधित, उरलेले बाधित. ‘दुबळ्या मनाच्या माणसांवरच संमोहन चालते’ हा आजचा लोकसमज भीष्मांच्या त्या रथापासून फार दूर आलेला नाही.

आता मराठी क्रियापदांकडे वळू. या विषयात आपण जी क्रियापदे योजतो त्यांचे तीन वर्ग सहज पडतात.

पहिला वर्ग ‘घालणे’चा. मोहिनी घालणे, भुरळ घालणे, वश करणे, भारून टाकणे. येथे वाक्याचा कर्ता प्रयोग करणारा असतो. ज्याच्यावर प्रयोग होतो तो चतुर्थीत, सप्तमीत किंवा कर्मस्थानी जाऊन बसतो. ‘त्याने तिला भुरळ घातली’ या वाक्यात ती काय करीत होती हे विचारण्यास व्याकरण जागाच ठेवीत नाही.

दुसरा वर्ग ‘पडणे, लागणे, येणे’ यांचा. भुरळ पडणे, गुंगी येणे, तंद्री लागणे, समाधी लागणे, अंगात येणे. येथे प्रयोग करणारा वाक्यातून नाहीसा होतो. अनुभव हाच कर्ता बनतो, आणि माणूस त्या अनुभवाचे निवासस्थान तेवढा उरतो: मला झोप लागते, तिच्या अंगात येते. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले तेव्हापासून आपण भावकर्तृक आणि शक्य क्रियापदांची चर्चा करीत आलो आहो. ‘मला मळमळते’ आणि ‘मला चालवते’ ही उदाहरणे विद्यार्थ्यांना पाठ असतात. ‘पडणे’चा वर्ग या रचनांचा निकटचा आप्त आहे.

तिसरा वर्ग ‘लावणे’चा, आणि त्याकडे सामान्यतः दुर्लक्ष होते. तो तंद्री लावून बसला. त्यांनी ध्यान लावले. योग्याने समाधी लावली. ‘वेड लावणे’ किंवा ‘गोडी लावणे’ यांत लावणारा एक व ज्याला लागते तो दुसरा असतो. परंतु तंद्री, ध्यान आणि समाधी यांच्या बाबतीत लावणारा आणि ज्याला लागते तो एकच असतो. येथे माणूस स्वतःच कर्ता आहे आणि स्वतःच भोक्ताही.

संमोहनाच्या इतिहासात जे तीन प्रमुख पक्ष झाले ते या तीन वर्गांशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. मेस्मरचा पक्ष ‘घालणे’चा होता: प्रयोगकर्त्याच्या देहातून एक सूक्ष्म द्रव वाहतो व तो रोग्यावर परिणाम करतो. बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए ज्यात होते त्या फ्रेंच राजमंडळाने १७८४ साली असा द्रव नसल्याचा व परिणाम कल्पनाशक्तीचा असल्याचा निर्वाळा दिला. परंतु द्रव खोटा ठरला म्हणून ‘घालणे’ची रचना मोडली नाही. ती मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न ज्या माणसाने केला तो आपल्याच किनाऱ्यावर जन्मलेला होता.

जुझे कुश्तोदियु द फारिय, म्हणजेच आबे फारिय, याचा जन्म १७५६ साली गोव्यात बार्देशातील कांदोळी येथे झाला. १७७१ साली तो वडिलांबरोबर लिस्बनला गेला, पुढे रोम येथे धर्मशिक्षण घेऊन पॅरिसला स्थायिक झाला, आणि १८१३ साली त्याने तेथे ‘सजग निद्रे’चे जाहीर प्रयोग सुरू केले. समोरच्या व्यक्तीला आसनावर बसवावे, डोळे मिटून मन एकाग्र करावयास सांगावे, आणि मग मोठ्याने आज्ञा द्यावी, ‘झोपा!’ अशी त्याची रीत होती. द्रव नाही, लोहचुंबक नाही, प्रयोगकर्त्याची दैवी शक्ती नाही. निद्रेचे कारण झोपणाऱ्याच्या ठायी आहे, असे तो सांगे. म्हणून त्याने ‘चुंबकविद्या’ हा शब्दच टाकला आणि ‘एकाग्रता’ हा शब्द धरला. काहींना ही निद्रा सहज लागते व काहींना मुळीच लागत नाही, हे त्याने अपयश मानून झाकले नाही. आपल्या सिद्धान्ताचा तो पाया मानला. १८१९ साली पॅरिसमध्ये त्याचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी तो वारला. भेदाचे कारण म्हणून त्याने रक्ताचा पातळपणा पुढे केला, ते अर्थातच टिकले नाही. परंतु प्रश्न त्याने योग्य ठिकाणी नेऊन ठेवला. पुढे नान्सीच्या पंथातील बर्नहाइम प्रभृतींनी सूचनेचा जो सिद्धान्त मांडला त्याचा पूर्वसूरी म्हणून फारियचे नाव घेतले जाते ते याचमुळे.

गोव्यात फारियविषयी एक आख्यायिका सांगतात. लिस्बनच्या राजदरबारी प्रवचन करताना तरुण फारियची वाचा बसली. तेव्हा जवळ असलेल्या वडिलांनी हळूच कोंकणीत म्हटले, ‘कातर रे भाजी’. समोरचे सारे म्हणजे भाजीपाला आहे, चालव सुरी, असा त्याचा भाव. मुलाची भीती गेली आणि प्रवचन पार पडले. गोष्ट घडली असो वा नसो, ती सांगणाऱ्यांना सूचनेचे एक मर्म कळले होते: वाचा पोर्तुगीजमध्ये बसली, सोडवली घरच्या भाषेने.

आणि तरीही पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी १९४५ साली उभारलेला फारियचा पुतळा पाहावा. रामचंद्र पांडुरंग कामत यांची ही कृती शिल्प म्हणून निःसंशय प्रभावी आहे. उंच पाद्री पुढे झेपावला आहे, दोन्ही हात पसरलेले, आणि त्यांच्याखाली एक स्त्री मागे कलली आहे. परंतु जे फारियने आयुष्यभर नाकारले तेच या पुतळ्यात ब्राँझमध्ये ओतले गेले आहे. हातांतून काहीतरी निघत आहे आणि स्त्रीवर पडत आहे. हा दोष शिल्पकाराचा म्हणता येणार नाही. एकाग्रता डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते फक्त ‘घालणे’. जे शिल्पाला अवघड गेले ते भाषेलाही अवघड जाते, म्हणूनच परिभाषेची चिकित्सा आवश्यक ठरते.

‘घालणे’ची रचना कोठे यथार्थ असते हेही पाहिले पाहिजे. आपण ‘भूल देणे’ म्हणतो, आणि ते बरोबर आहे; कारण औषध योग्य मात्रेत दिले की घेणारा भाविक असो वा संशयी, ते आपले काम करते. जेम्स एस्डेल याने १८४५ साली बंगालमध्ये हुगळी येथे मेस्मरपद्धतीने रोगी निद्रित करून शस्त्रक्रिया आरंभिल्या, आणि १८४६ साली कलकत्त्यात त्यासाठी रुग्णालयही निघाले. परंतु त्याच वर्षी बोस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला आणि थोड्याच काळात मेस्मरपद्धत मागे पडली. तिचे यश खोटे होते असे नव्हे. ईथर जवळजवळ प्रत्येकावर व काही मिनिटांत चाले, तर या पद्धतीला तास लागत आणि तरी सर्वांवर ती सारखी चालत नसे. व्यक्तिभेद हा संमोहनाचा केवळ तात्त्विक प्रश्न नव्हता. शस्त्रक्रियेच्या दालनातून ते बाहेर पडण्याचे तेच एक मोठे कारण होते. भूल देता येते. संमोहन त्या अर्थाने देता येत नाही.

विसाव्या शतकात हा भेद मोजण्याची साधने झाली. वाइट्झेनहोफर आणि हिलगार्ड यांनी १९५९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात बारा कसोट्यांची श्रेणी तयार केली: हात खाली येणे, बोटे गुंतून सुटेनाशी होणे, नसलेली माशी जाणवणे, झालेले विसरणे, इत्यादी. अशा श्रेणींवर बहुसंख्य लोक मधल्या पट्ट्यात येतात. अत्युच्च प्रतिसाद देणारे आणि जवळजवळ मुळीच न देणारे, असे दोन्ही गट स्थूलमानाने दहा ते पंधरा टक्क्यांचे आढळतात. हा गुण लहरीप्रमाणे बदलणाराही नाही. पिचिओने, हिलगार्ड आणि झिंबार्डो यांनी १९८९ साली पन्नास व्यक्तींची पंचवीस वर्षांच्या अंतराने घेतलेली मोजमापे प्रसिद्ध केली. दोन्ही वेळच्या गुणांतील सहसंबंध ०.७१ भरला. एकरूप जुळ्यांमध्ये हे साम्य इतर जुळ्यांपेक्षा अधिक आढळते. बालपणाच्या उत्तरार्धात हा प्रतिसाद सर्वाधिक असून पुढे हळूहळू उतरतो. बुद्धिमत्ता, भोळेपणा किंवा इच्छाशक्तीचा दुबळेपणा यांच्याशी त्याचा विश्वासार्ह संबंध जोडता आलेला नाही. जोसेफीन हिलगार्ड यांनी १९७० साली दाखविले की वाचनात, नाट्यात, निसर्गात किंवा धार्मिक अनुभवात समरस होण्याची सवय असलेल्यांत तो अधिक आढळतो. १९७४ साली टेलेगन आणि ॲटकिन्सन यांनी या तल्लीनतेचे मोजमाप दिले, परंतु तिचा संमोहनाशी संबंध माफकच निघाला. एवढे पाहता ‘तंद्री लागणे’ हा दुसरा वर्ग विजयी झाला असे वाटेल: काहींना लागते, काहींना लागत नाही, तो ज्याचा त्याचा पिंड.

तथापि तिसऱ्या वर्गाचा पक्षही दुबळा नाही. बार्बर, स्पॅनोस आणि कर्श यांनी निरनिराळ्या अंगांनी दाखविले की अपेक्षा, वृत्ती, सूचनेचा अर्थ लावण्याची रीत आणि कल्पनेचा हेतुपूर्वक उपयोग यांवर प्रतिसाद बराच अवलंबून असतो. ‘हात जड होईल’ हे ऐकून एक जण हात आपोआप जड होण्याची वाट पाहत बसतो. दुसरा तळहातावर पाण्याची भरलेली घागर ठेवल्याचे मनाशी चित्र रंगवितो. पहिल्याला बहुधा काहीच होत नाही. स्पॅनोसने अशी कौशल्ये शिकवून मंद प्रतिसाद देणाऱ्यांचे गुण वाढविले. ती वाढ खऱ्या अनुभवाची की प्रयोगकर्त्याला खूश करण्याची, हा वाद मात्र राहिला. सूचना मिळताच कल्पना करणे हे ‘लावणे’ आहे. परंतु हात जड झाला की तो ‘आपोआप’ झाला असे वाटते, आणि ते ‘लागणे’ आहे. संमोहनाचे खरे वैशिष्ट्य या दोन क्रियापदांच्या सांध्यात आहे: जे आपण करतो ते आपल्याला होते असे वाटणे. ज्याला हा सांधा सहज जमतो तो उच्च प्रतिसादाचा. ज्याला आपले ‘करणे’ सतत दिसत राहते तो मंद प्रतिसादाचा. मला तरी उपलब्ध पुराव्याची सर्वांत समंजस मांडणी हीच वाटते.

भाषाभ्यासकाला विशेष महत्त्वाचा एक प्रयोग येथे नमूद करणे प्राप्त आहे. शब्द एका रंगाचा आणि छपाई दुसऱ्या रंगात, असे असता छपाईचा रंग सांगताना आपण अडखळतो. कारण साक्षर माणसाला वाचन टाळता येत नाही. रॅझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली उच्च प्रतिसाद असलेल्यांना सूचना दिली की समोर दिसतील ती अनोळखी परभाषेतील निरर्थक चिन्हे असतील. त्यांचे अडखळणे नाहीसे झाले. मंद प्रतिसाद असलेल्यांचे कायम राहिले. पुढील प्रयोगांत औपचारिक संमोहनाशिवाय दिलेल्या नुसत्या सूचनेनेही उच्च गटात असा परिणाम दिसला. ज्या क्रियेला आपण सर्वस्वी स्वयंचलित समजतो ती काही लोकांत सूचनेच्या अधीन असू शकते, आणि काहींत नाही. येथे प्रयोगकर्त्याचे ‘घालणे’ दोन्ही गटांना समानच होते.

मग मराठीतून सूचना देताना काय घडते? श्रेणीतील एकच कसोटी घेऊ: हात उचलण्याचा प्रयत्न करूनही तो न उचलला जाणे. मराठीत ती निदान चार प्रकारे सांगता येते. ‘हात उचलू नका’ ही आज्ञा आहे. आज्ञाधारक माणूस ती पाळील आणि त्याला अनुभव काहीच येणार नाही. ‘तुम्ही हात उचलणार नाही’ हे भाकीत आहे, पण त्यात नकाराची छटा आहे. ‘हात उचलता येणार नाही’ यात बाहेरचा अडथळाही सुचतो. ‘तुम्हांला हात उचलवणार नाही’ हे मात्र नेमके तेच सांगते जे मोजावयाचे आहे: प्रयत्न तुमचा, असमर्थता तुमच्या आत, आणि तीही तुमच्या इच्छेविरुद्ध. शक्य क्रियापदाची ही देणगी इंग्रजीला नाही. शब्दशः भाषांतर करून या कसोट्या मराठीत आणणारा पहिल्या तीनपैकी एखादे वाक्य योजील, आणि मिळालेल्या गुणांतील फरक माणसांचा की वाक्यांचा हे सांगणे कठीण होईल. मार्टिन ऑर्न यांनी १९५९ साली दाखविलेच आहे की संमोहनाचे सोंग करणारे आणि खरोखर प्रतिसाद देणारे बाहेरून वेगळे ओळखू येत नाहीत. तेव्हा प्रयोगानंतर व्यक्ती ‘मी उचलला नाही’ म्हणते की ‘मला उचलवला नाही’ म्हणते, याची अक्षरशः नोंद ठेवणे हे पुराव्याचे काम आहे.

येथे एक शंका येईल. चतुर्थीच्या या रचना मराठीच्या हाडीमाशी असतील, तर मराठी भाषिक इंग्रजी भाषिकांपेक्षा अधिक संमोहनक्षम ठरावेत काय? असे अनुमान काढणे ही घोडचूक होईल. कन्नडमध्ये ‘ननगे निद्दे बरुत्तदे’, तेलुगूत ‘नाकु निद्र वस्तोंदि’, मराठीत ‘मला झोप येते’: ही रचना आपल्या उपखंडाच्या मोठ्या भागाची समान संपत्ती आहे, आणि भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असे एमेनो यांनी १९५६ साली प्रतिपादन केल्यापासून तिची चर्चा होत आली आहे. एकच व्याकरण बोलणाऱ्या दोन सख्ख्या बहिणींपैकी एकीला तंद्री लागते व दुसरीला लागत नाही. जे दोघींना समान आहे ते त्यांच्यातील फरकाचे कारण असू शकत नाही. भाषा भेद निर्माण करीत नाही. ती भेद झाकते किंवा दाखविते, आणि अपेक्षेला वळण देते. ‘अंगात येते’ म्हणणारीही एका रूढ वाक्प्रचाराचा आश्रय करीत असू शकते. त्या वाक्यावरून तिचा अनुभव सिद्ध होत नाही आणि खोटाही ठरत नाही.

सोलापुरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. जुळे सोलापुरातील एखाद्या घरात आजीचे बोलणे तेलुगू किंवा कन्नड, मुलांचे शिक्षण मराठी आणि नातवंडांचे इंग्रजी असणे यात नवल नाही. अशा व्यक्तीला ग्रंथिक मराठीत ‘आपली गात्रे शिथिल होत आहेत’ असे सांगितले आणि काहीच झाले नाही, तर ती ‘मंद प्रतिसादाची’ असा शेरा मारण्यापूर्वी विचार केला पाहिजे. ‘गात्रे’ हा शब्द आधी समजून घ्यावा लागतो. समजून घेण्यात अवधान खर्च होते. आणि ज्या कल्पनेसाठी ते हवे होते तिला ते उरत नाही. तिला नुसते ‘अंग सैल पडतंय’ म्हणून पाहावे. फारियच्या वडिलांची कोंकणी येथे पुन्हा स्मरावी.

ही चिकित्सा केवळ शब्दांची आहे असे कोणी म्हणेल, परंतु शब्दांची किंमत माणसे मोजतात. ‘भुरळ घालून दागिने लांबविले’ हे आपल्या बातम्यांतील ठरीव वाक्य आहे. संशोधनाला परिचित असलेल्या संमोहनाला अवधान, अपेक्षा आणि सहकार्य लागते. रस्त्यावरच्या अशा प्रसंगी विश्वासघात झाला, भीती घातली की गुंगीचे औषध दिले, याचा शोध ‘भुरळ’ या एका शब्दाने थांबतो. भोंदूला नसलेले सामर्थ्य मिळते आणि फसलेल्या स्त्रीच्या कपाळी ‘हलक्या मनाची’ हा शिक्का बसतो. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. परंतु वशीकरणाचा दावा ज्या वाक्यरचनेवर उभा राहतो ती रचना कोणत्याही कायद्याने रद्द होत नाही. दुसऱ्या बाजूला, उपचार म्हणून दिलेल्या सूचनांनी ज्याची वेदना कमी होत नाही त्याला ‘तुमचे सहकार्य नव्हते’, ‘श्रद्धा कमी पडली’ असे ऐकावे लागते. ‘घालणे’च्या व्याकरणात यश घालणाऱ्याचे असते आणि अपयश मात्र घेणाऱ्याचे, हा अन्याय त्या रचनेतच आहे.

यावर नवा शब्द घडविणे हा उपाय मला योग्य वाटत नाही. ‘संमोहन’ रुळला आहे. तो काढता येणार नाही व काढण्याची गरजही नाही. गरज आहे ती त्याच्या भोवतीची वाक्ये बदलण्याची. ‘त्याला संमोहित केले’ या वाक्यातील भूतकाळवाचक धातुसाधित विशेषण सारे काम प्रयोगकर्त्याच्या पदरात टाकते, त्याऐवजी ‘त्याला सूचना दिल्या, त्याने अमुक प्रतिसाद दिला, त्याला अमुक जाणवले’ अशी तीन स्वतंत्र विधाने करावीत. पहिले ‘देणे’चे, दुसरे ‘करणे’चे, तिसरे ‘होणे’चे. व्यक्तिव्यक्तींतील फरक दुसऱ्यात आहे की तिसऱ्यात, हे मग तरी विचारता येईल. आपल्या विभागातील जे विद्यार्थी मराठी, कन्नड आणि तेलुगू भाषिकांकडून अशा अनुभवांची निवेदने गोळा करतील त्यांनी क्रियापदे बोलणाऱ्याने उच्चारली तशीच टिपावीत, ‘प्रमाण’ करून लिहू नयेत. पुढचा विचार त्या टिपणांवर करता येईल.